पाठीतली चिठ्ठी

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. बाप्तिस्म्यांची. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, क्लेअरच्या किनाऱ्यावर किलोरन नावाचं गाव आहे, तिथल्या देवळातली. वय विचाराल तर पावणेदोनशेच्या पुढे. या वयात माणसांनी आणि वह्यांनी गप पडून राहावं असं सगळे म्हणतात. मला ते कधी जमलं नाही. माझ्या पाठीत काहीतरी टोचत होतं, आणि पाठीत टोचत असताना कुणाला कधी झोप लागली आहे? ते टोचणं काय होतं आणि ते कसं निघालं, हे तुम्हाला सांगायला बसले आहे. मधेच भरकटले तर सांभाळून घ्या, ती माझी जुनी खोड आहे.

माझा जन्म लिमरिक शहरातला. चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद, वरून वासराचं कातडं, मधून मेण लावलेला दोरा. मला शिवणारी बाई त्या दिवशी घाईत होती. तिचं तान्हं पोर घरी तापाने फणफणलं होतं, लक्ष सगळं तिकडे. माझ्या पानांच्या शेवटच्या जुड्यांचे टाके सैल पडले. मुकादमाने मला उचलून वाकवलं नि तो म्हणाला, "अगं, ही वही शिवलीस की बटाट्याचं पोतं?" ती म्हणाली, "उद्या घट्ट करते." ते उद्या काही उगवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विकली गेले.

मला नेलं फादर मॅलकी टुब्रिडी यांनी. धिप्पाड माणूस, आणि आवाज असा की टेकडीवरच्या मेंढ्या चरायच्या थांबत. ते मला खोगिराच्या पिशवीत घालून गावभर फिरवायचे. पाऊस, चिखल, चुलीतल्या पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा धूर, सगळं अंगावर घेतलं मी. पण काय दिवस होते ते! रोज नवं बाळ, नवं नाव, लॅटिनमध्ये ओल्या शाईने लिहिलेलं. मला वाटायचं, सगळं गाव माझ्या पोटात राहतं.

आता गावची एक गंमत सांगते. किलोरनमध्ये निम्म्या घरांचं आडनाव कॉन्सिडीन. त्यात नाव ठेवायची रीत ठरलेली. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला खुद्द बापाचं. यात कोणी इकडचं तिकडे केलं तर म्हातारे वर्षभर तोंड फिरवून बसत. झालं काय, की जुन्या मायकल कॉन्सिडीनला चार मुलगे, आणि चौघांनी आपापल्या पहिल्या मुलाचं नाव ठेवलं मायकल! एका वस्तीत एका वयाचे चार मायकल. हाक मारली की चार दारं उघडत. मग लोकांनी त्यांना नावं पाडली. केस लाल तो तांबडा मायकल. बाकीचे घरावरून ओळखायचे, बंदरावरचा, भट्टीचा आणि विहिरीचा.

गावाला हे तोंडपाठ. पण फादर माझ्यात लिहिताना नुसतं "मायकल कॉन्सिडीन" एवढंच लिहीत. देवाच्या वहीत असली नावं शोभत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. देवाला ओळखता येत असतील हो चार मायकल, पण पुढे शंभर-दीडशे वर्षांनी येणाऱ्या माणसाने काय करावं? पण मी पडले वही, मला कोण विचारतं!

मग शेतातला बटाटा सडून काळा पडला आणि दुष्काळ आला. त्या वर्षांबद्दल मी फार बोलत नाही. जिथे महिन्याला दोन पानं भरायची तिथे अख्ख्या हिवाळ्यात अकरा नावं पडली, आणि त्या पानांवर फादरांचं अक्षरसुद्धा बारीक झालं आहे. तिथे कोणी बोट लावलं की मला अजून कसंसंच होतं.

त्यातून जे जगले त्यांत विहिरीचा मायकल होता, आणि त्याची पुढे झालेली बायको ऑनी. ऑनी माहेरची डाउन्स. तिचं स्वतःचं नाव माझ्या सुरुवातीच्या पानांवर आहे, बापाचं नाव सिनन डाउन्स. तिला पहिला मुलगा झाला तो थॉमस, रीतीप्रमाणे. दुसरा झाला १८६१च्या फेब्रुवारीत. आमच्याकडे उपासाच्या दिवसांत पाद्री पाळीपाळीने एकेका घरी येऊन मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना करतो, आणि ज्या घरची पाळी येते त्या घरच्या बाईला महिनाभर चैन नसतं. भिंतींना चुना, दाराला रंग, शेजारची उसनी भांडी. त्या वर्षी पाळी होती विहिरीच्या घराची, आणि ऑनीच्या मांडीवर आठवड्याचं बाळ.

त्या दिवशी पाऊस आडवा लागला होता. मी भिजेन म्हणून फादरांनी मला घरीच ठेवलं. मिस्सा झाली, न्याहारी झाली, आणि तिथल्या तिथे स्वयंपाकघरात त्यांनी बाळाचा बाप्तिस्मा केला. वही नव्हती, म्हणून खिशातल्या कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं. स्वतःपुरतंच लिहायचं होतं, म्हणून गावातल्या बोलीत लिहिलं. "विहिरीच्या मायकलचा आणि ऑनीचा सिनन. धर्मपिता मर्टी कॉन्सिडीन." मला तो मजकूर पाठ आहे. नसून कसं चालेल?

फादर परत आले ते निथळत. चिठ्ठी माझ्या पानांत ठेवली. त्यांच्या घरी स्वयंपाक करणारी म्हातारी म्हणाली, "आत्ताच उतरवा की फादर, दोन ओळींचं तर काम!" फादर म्हणाले, "अगं, बोटं वाकत नाहीत थंडीने. उद्या उतरवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप होता. ईस्टरच्या आधी ते गेले. त्यांच्या जागी आलेला तरुण पाद्री घाईचा होता. त्याने मला खसकन उघडलं, आणि चिठ्ठी घसरली ती थेट पाठीकडे, त्या सैल टाक्यांच्या मागे. तिथे जाऊन रुतली. तेव्हापासून ते टोचणं.

सिनन मोठा झाला. गावात सगळे त्याला ओळखत होते, तेव्हा मला उघडून बघायची गरज कुणाला पडणार? एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून तो इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला. क्लेअरच्या पोराने इंग्रजांचा लाल कोट घालायचा! बापाने दार लावून घेतलं आणि बजावलं, "या घरात त्याचं नाव काढायचं नाही." घरात काढलं नाही, मग हळूहळू गावातही कोणी काढेना. आणि माझ्यात तर ते लिहिलेलंच नव्हतं.

मग १९०९ साली सरकारने सत्तरीवरच्यांना पेन्शन लावलं, आणि मित्रांनो, काय सांगू, माझे दिवसच फिरले! वयाचा दाखला माझ्याकडे. रोज दारात रांग. जन्मभर वय चोरलेल्या बाया त्या वेळच्या फादरांच्या मागे लागायच्या, "नीट बघा हो, मी याहून म्हातारी असणार!" एका दाढीवाल्याने तर मला चक्क मिठी मारली. इतकं कौतुक मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्या रांगेत एक दिवस ऑनी आली. बहात्तर वर्षांची, नवरा वारलेली. तिचं नाव लगेच सापडलं, तरी ती उठेना.

"आता माझ्या लेकरांची नावं वाचा, फादर. मला वाचता येत नाही."

फादरांनी वाचली. थॉमस, मायकल, मग मुली.

"थॉमसच्या नि मायकलच्या मधलं?"

"मधे कोणी नाही, ऑनी."

"आहे. सिनन. माझ्या चुलीपाशी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. मी होते ना तिथे."

फादरांनी पानं मागे-पुढे केली, पुन्हा केली. "नाही गं."

ऑनीने माझ्या पानावर हात टेकवला. मग म्हणाली, "घरात नाव काढायची बंदी होती, ते मी सोसलं. इथेही नाही होय?" आणि शाल ओढून घेऊन गेली.

चिठ्ठी तिच्या हातापासून चार बोटांवर होती. मला ओरडायचं होतं, पान फडफडवायचं होतं, निदान धपकन खाली तरी पडायचं होतं. काही जमलं नाही. त्या दिवसानंतर मला कोणीही उघडलं की एकच वाटायचं, आता तरी दिसेल, आता तरी!

पण उघडणारेच कमी होत गेले. कपाटात पडले मी, नाताळच्या मातीच्या मेंढ्यांच्या खोक्यामागे. ओल आली, उंदरांनी एक कोपरा खाल्ला. एकदा डब्लिनहून दोन माणसं आली, दिवे लावले, एकेक पान उलटून फोटो काढले. त्या जागी पान सपाट बसेना. एकजण म्हणाला, "इथे काहीतरी अडतंय." माझा जीव टांगणीला! दुसरा म्हणाला, "अक्षरं दिसताहेत ना? मग चल पुढे." गेले पुढे. नंतर ते फोटो कंप्युटरवर आले आणि मला हात लावायचं कारणच उरलं नाही. लोक म्हणू लागले, वहीत आहे ते सगळं फोटोत आहे. सगळं, फक्त पाठीत होतं ते सोडून.

आणि मग अलीकडे, मार्चमधल्या एका गुरुवारी, कार्मेल आली.

देवळाच्या कचेरीत आठवड्यातले तीन दिवस डिम्फ्ना बसते. पूर्वी पोस्टात होती. गावातली पत्रं पाकिटाच्या बाहेरूनच वाचणारी बाई. दारात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी उभी, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून आलेली, गुडघे दुखताहेत हे चालण्यावरून दिसत होतं. हातात जड पिशवी.

"मी आणि माझा भाऊ आलो आहोत," ती म्हणाली.

डिम्फ्नाने तिच्या मागे डोकावलं. "मग त्यांना आत बोलवा ना! बाहेर वारा काय कमी आहे?"

"तो पिशवीत आहे."

डिम्फ्नाने पिशवीकडे बघितलं. मग उठून खुर्ची पुढे ओढली, पिशवी तिच्यावर अलगद ठेवली आणि म्हणाली, "बरं, चहा दोघांचाच टाकते."

कपाटाची फळी फुटकी आहे, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. कार्मेलचे आजोबा सिनन कॉन्सिडीन. पलटणीच्या कागदावर गाव किलोरन, बापाचं नाव मायकल, बाकी काही नाही. मरताना ते म्हणाले होते, मला घरी न्या. कोणी नेलं नाही. त्यांच्या मुलालाही जमलं नाही. आता हा पिशवीतल्या रक्षेच्या कलशातला भाऊ, डेक्लन, मरण्याआधी म्हणाला होता, "कार्मेल, आमच्यातला एक तरी घरी पोचू दे. कुठल्याही मातीत नको, आपल्या माणसांत." शनिवारी सकाळी तिची बोट होती. पुन्हा येण्याइतकं त्राण आपल्यात नाही, हे तिने स्वतःच सांगितलं.

डिम्फ्नाने कंप्युटर उघडला. थोड्या वेळाने म्हणाली, "सापडला! सिनन, बाप मायकल कॉन्सिडीन, १८५८."

कार्मेलने दोन्ही हात तोंडावर घेतले. पण डिम्फ्नाचा चेहरा उतरत गेला. "थांबा हो... हा तांबड्यांचा सिनन. हा कुठे गेलाच नव्हता. माझ्या आईला नाचायला यानेच शिकवलं. इथेच पुरलाय तो, भिंतीला लागून."

"मग माझे आजोबा?"

"दुसरा सिनन फोटोत नाही."

आहे! आहे गं बाई! मी आत नुसती तडफडत होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मर्टी आला. मर्टी कॉन्सिडीन, त्र्याऐंशी वर्षांचा, विहिरीच्या घरातला शेवटचा माणूस. जन्मभर घोड्यांचं सामान शिवलं, खोगीर, लगाम, पट्टे. लग्न केलं नाही. पाठचं-पुढचं कोणी नाही. दुकानात बातमी ऐकून तणतणत आलेला.

"कोण ते कॉन्सिडीनांच्या थडग्यात उतरायला निघालंय?"

"बसा मर्टी, चहा घ्या," डिम्फ्ना म्हणाली. "आणि अजून कोणाच्या थडग्यात ते ठरलेलं नाही."

"तांबड्यांचं भरलंय, बंदरवाल्यांचं समुद्राने नेलं. राहिलं आमचंच. तिथे एक जागा आहे आणि ती माझी आहे. मी तिच्यावर नजर ठेवून आहे."

"तो फार जागा घेणार नाही," कार्मेल हळूच म्हणाली आणि पिशवीकडे बघितलं.

मर्टीने पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "बाई, तुमच्या दुःखात मी आहे. पण परक्याला आपल्या माणसांत झोपवायचं नाही. उद्या कोणीही येईल, म्हणेल आजोबा इथले. माझी माणसं आता तिथेच आहेत, एवढीच उरलीत. ती तरी कोणाची कोण हे मला ठाऊक असू दे."

तेव्हा डिम्फ्ना उठली. मातीच्या मेंढ्या बाजूला झाल्या आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. "फोटोत एकेक पान दिसतं," ती म्हणाली. "मला घर बघायचंय."

तिने कागद घेतला आणि माझ्यातून, आईच्या नावावरून घर ओळखत, प्रत्येक मायकलच्या घरची मुलं ओळीने उतरवली. भट्टीच्या मायकलने लग्नच केलं नव्हतं. बंदरावरच्याच्या घरात पहिला, दुसरा, तिसरा, सगळे रीतीप्रमाणे जागच्या जागी. मग विहिरीचं घर. थॉमस, आणि पाच वर्षांनी मायकल.

"मर्टी, पहिला मुलगा आजोबाच्या नावाचा. बरोबर?"

"मला काय शिकवतेस पोरी?"

"तिसरा बापाच्या नावाचा, तो तुमचा आजा मायकल. मग दुसरा कुठाय? आईच्या बापाच्या नावाचा?" तिने माझी सुरुवातीची पानं उलटली. "ऑनी डाउन्स... बाप, सिनन डाउन्स. दुसरा मुलगा सिननच असायला हवा, मर्टी! तुमच्या घरात एक दात पडलेला आहे."

कार्मेल पानावर झुकली. मर्टी मात्र उठला. "मूल पोटात गेलं असेल. रीत म्हणजे पुरावा नव्हे. रिकाम्या जागेत कोणालाही बसवता येतं." दारापाशी जाऊन त्याने वळून टेबलावरच्या माझ्याकडे बघितलं. गेला.

कार्मेल रडली नाही. "त्यांचं बरोबर आहे," म्हणाली. "मीही हेच म्हटलं असतं." त्या दोघींनी मला टेबलावर तशीच उघडी ठेवली आणि कुलूप लावून गेल्या. ती सगळी संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

शुक्रवारी सकाळी मर्टी परत आला.

"माझी टोपी राहिली काल," म्हणाला.

"डोक्यावर आहे तुमच्या," डिम्फ्ना म्हणाली.

"मग पाइप राहिला असेल." आणि कोणी बस म्हणायच्या आत तो माझ्यासमोर बसला. कार्मेलही होती, पिशवी मांडीवर. डिम्फ्नाने १८६१चं पान काढलं. "हे बघा, इथे फेब्रुवारीत अक्षर बदलतं. म्हातारे फादर आजारी पडले असणार. काही राहिलं असेल तर इथेच."

मर्टी अक्षराकडे बघतच नव्हता. तो माझ्या पाठीकडे बघत होता. त्याने मला हातात घेतलं, मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मित्रांनो, त्या बोटांनी साठ वर्षं कातडं शिवलं होतं.

"ही इथे मिटत का नाही?"

"जुनी आहे ना," डिम्फ्ना म्हणाली.

"जुनं झालं म्हणून टाका फुगत नाही. टाका फुगतो तो खाली काहीतरी असलं की. खोगिरात गवताची काडी राहिली तर घोडा सांगतो, ही बिचारी कोणाला सांगणार?" आणि त्याने अंगठ्याने नेमकं तिथे दाबलं.

तिथेच! अहो तिथेच!

मर्टीच्या बंडीच्या खिशात कातडं शिवायची वाकडी आर असते. देवळातही असते. त्याने ती काढली, सैल टाका उचलला आणि इतक्या हळुवारपणे, की मला दोराही तुटल्यासारखा वाटला नाही, तो कपटा ओढून बाहेर काढला. दीडशेवर वर्षांनी माझी पाठ रिकामी झाली. तुम्हाला सांगते, मला रडू आलं. वह्यांना येतं.

त्याने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्याने, अडखळत, "विहिरीच्या मायकलचा... आणि ऑनीचा सिनन. धर्मपिता मर्टी कॉन्सिडीन."

"तुमचं नाव?" कार्मेलने विचारलं.

"ज्याचं नाव मला ठेवलं तो." त्याने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरचा हात उचलेना. "आमच्याकडे जपमाळ संपली की शेवटी जास्तीच्या प्रार्थना जोडतात. गुरांसाठी, मासेमारीला गेलेल्यांसाठी, मेलेल्यांसाठी. आमच्या घरी सगळ्यांत शेवटी एक असायची. आजी म्हणायची, 'बाहेर आहे त्याच्यासाठी.' मी लहानपणी विचारायचो, बाहेर कोण आहे? ती म्हणायची, गप बस, माझ्या सासूने घालून दिलंय. तिची सासू म्हणजे हीच ऑनी. आजी गेली, आई गेली, मी म्हणत राहिलो. एकटाच गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो. कालसुद्धा म्हटलं. कोणासाठी ते माहीत नव्हतं."

कार्मेल म्हणाली, "म्हणजे आपल्या दोघांचे आजोबा सख्खे भाऊ."

"म्हणजे तू माझी बहीण लागतेस," मर्टी म्हणाला. "लांबची आहेस, पण मला जवळची दुसरी नाहीच." आणि एकदम डिम्फ्नावर ओरडला, "बघत काय बसलीस? फादरांना बोलव! आणि खड्ड्याचं सांग कोणालातरी!"

फादर आले. भला माणूस, पण तीन गावांची देवळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. घाईघाईत सगळं ऐकलं, चिठ्ठी पाहिली, खूश झाला. "दफनविधी तीन वाजता करू. आणि ही नोंद वहीत घ्यायलाच हवी. मी सोमवारी निवांत उतरवतो."

मर्टीने काठी जमिनीवर आपटली. "फादर, यांच्या नावाची दीडशे वर्षं उद्या-उद्यात गेली. सोमवार नको. बसा."

"मर्टी, मला एक लग्न..."

"दोन ओळींचं काम आहे. नवरी थांबेल."

आणि फादर बसले. १८६१च्या पानाच्या कडेला त्यांनी लिहिलं, सिनन, मायकल आणि ऑनीचा. पेन उचललं तर मर्टी म्हणाला, "विहिरीचे. तेही लिहा." फादरांनी तेही लिहिलं. माझ्यात पहिल्यांदाच.

कचेरीची खिडकी दफनभूमीकडे उघडते. तीन वाजता डिम्फ्नाने ती उघडी टाकली, मुद्दाम माझ्यासाठी असं मी समजते. वारा होता, तरी मर्टीचा आवाज येत होता. जपमाळ तोच चालवत होता. गुरांसाठी झालं, समुद्रावर असलेल्यांसाठी झालं, मेलेल्यांसाठी झालं. मग तो थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं, विसरला.

"सिननसाठी," तो म्हणाला. "आणि डेक्लनसाठी." आणि पुढे, नेहमीपेक्षा हळू, "बाहेर आता कोणी नाही."

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. आता मी नीट मिटते. मर्टीने मला नवा टाका घातला आहे, घट्ट, आणि डिम्फ्नाने मला मेंढ्यांच्या खोक्यामागून काढून कोरड्या फळीवर ठेवलं आहे. तेवढी काळजी मला पुरे. पण स्वस्थ आहे का विचाराल, तर नाही. आता मला तुमची काळजी लागली आहे. तुमच्या घरातही कोणीतरी म्हातारं माणूस असेल, ज्याला एक नाव ठाऊक आहे आणि ते कोणी लिहून घेतलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोत कडेला उभं असलेलं ते माणूस कोण, ते त्यांना विचारा. फोटोच्या मागे लिहा. पेन्सिलीने लिहा, वेडंवाकडं लिहा, घरातलं बोलीतलं नावसुद्धा लिहा. लाजू नका, आणि उद्यावर टाकू नका. ऑनी माझ्यासमोर बसून रिकाम्या हाताने उठून गेली, ती मला अजून दिसते.